सही झाली म्हणे

पडदे शिवणाऱ्या ताई वरच्या मजल्यावर राहत. त्यांचा धाकटा भाऊ खाली राहायचा आणि रस्त्याकडच्या खोलीत सलून चालवायचा. घर दोघांच्या नावावर, घरावरचं कर्जही दोघांच्या नावावर, बोलणं मात्र बंद. भाऊ एकदा कुणापाशी बोलून गेला, की ताईंच्या पडद्यांमुळे गिऱ्हाइकांना शिंका येतात. ते वर पोचलं. ताईंनी सलूनमधले पडदे उतरवून नेले आणि अबोला धरला तो धरलाच.

पुढे धंदा दोघांचाही मंदावला. हप्ता दुसऱ्याने भरला असेल, असं दोघं धरून चालली. विचारणार कोण? हप्ते थकले, बँकेची पत्रं येऊ लागली, आणि पत्रांपाठोपाठ गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक दाढीवाला गृहस्थ आला. तो ‘घर सुटका योजने’चा माणूस होता म्हणे.

“हप्ता निम्मा करून देतो, ताई. थोडी फी, आणि इथे सही. फक्त बँकेशी बोलू नका. बोललात की योजना रद्द.”

“खालच्याने केली का सही?”

“झालीच समजा.”

“समजत नाही मी. दाखवा.”

खाली भावाने तेच ऐकवलं, “आधी वरचीची आणा.” सुटकावाला जिना चढला, उतरला, पुन्हा चढला. रोज येऊ लागला. ताईंना आयताच निरोप्या मिळाला.

“खाली सांगा, पाण्याची मोटर चालू राहते.”

तो धापा टाकत परत आला. “ते म्हणतात, ज्याला ऐकू येते त्याने बंद करावी.”

“विचारा, माझी मोठी कात्री कुठे ठेवलीय.”

कात्री आली. पाठोपाठ तिला धार लावून ठेवल्याचा निरोप आला. मग ताईंनी मुरांबा पाठवला, तोही सुटकावाल्याच्याच हातून. बिचाऱ्याचे गुडघे बोलायला लागले. फसवायला आलेला माणूस दोन भावंडांचा संसार वाहत होता.

शेवटी तो सलूनच्या खुर्चीत कोसळला. “बोलवा हो त्यांना खाली. समोरासमोर बसा, सही करा, मला मोकळं करा.”

भावाला कणव आली. “दमलात. बसा, दाढी करून देतो,” म्हणत त्याने फेस लावला आणि जिन्यात जाऊन कितीतरी दिवसांनी हाक मारली, “ताई, खाली ये.”

ताई खाली आल्या तेव्हा एक गाल झाला होता.

“तुझी सही झाली म्हणे,” ताई म्हणाल्या.

“तुझी झाली, असं मला सांगितलं.”

दोघांनी खुर्चीकडे पाहिलं. ताईंनी त्याच्या पिशवीतून कागद काढला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचू लागल्या. मधेच थांबल्या.

“हे बक्षीसपत्र आहे. आपण राजीखुशीने याला घर बक्षीस देतोय. कशाबद्दल रे?”

“जिना चढल्याबद्दल असेल,” भाऊ म्हणाला.

सुटकावाला उठायला गेला.

“हलू नका, लागेल,” भाऊ शांतपणे म्हणाला. त्याच्या मनात खरोखर तेवढंच होतं, पण वस्तरा गळ्याशी होता. सुटकावाल्याने न विचारता सगळं सांगून टाकलं: योजना खोटी, ओळखपत्र कोपऱ्यावरच्या दुकानात छापलेलं, आणि पलीकडच्या गल्लीतल्या एका आजोबांची सही आधीच झालेली.

ताईंनी तिथूनच बँकेला फोन लावला. अधिकारी बाई म्हणाल्या, अशी कुठलीही योजना नाही. तुम्ही दोघं येऊन भेटा, हप्ते लांबवून देता येतील, त्याला फी लागत नाही. दुसरा फोन पोलिसांना गेला. पोलीस आले तेव्हा तो अर्धी दाढी घेऊन मुकाट बसला होता. चौकीत ते बरं पडलं. जुन्या तक्रारींपैकी काहींत दाढीवाला होता, काहींत सफाचट. ज्या त्या तक्रारदाराने आपापल्या बाजूने बघून ओळखला.

आजोबांचा कागद अजून नोंदवलेला नव्हता, त्यांचं घर वाचलं. दुसऱ्या दिवशी भावंडं बँकेत गेली. हप्ता लहान झाला, मुदत वाढली. परतताना मोटर कुणी बंद करायची यावरून दोघं रस्ताभर भांडली, आणि ताईंना फार बरं वाटलं.