सोपानमामांच्या नावाचा कागद

बायको गेली तेव्हा मी देवाशी बोलणं टाकलं. पिंपरीच्या दवाखान्यात सोळा दिवस मी नवस बोलत बसलो होतो, आणि सतराव्या दिवशी एकटा पिंपळे गुरवला घरी आलो. त्यानंतर तीन वर्षं देव्हाऱ्यापुढे उभा राहिलो नाही. लोकांना वाटायचं, सर कामात बुडालेत. तेही खरंच होतं. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या छोट्या कारखानदारांना मी सल्ला देतो. परदेशातलं काम कसं मिळवावं, तिकडच्या माणसांशी कसं बोलावं, हे सांगतो, प्रदर्शनांना घेऊन जातो. परत आलो की भाषणं ठोकतो: तिकडे वेळ कशी पाळतात, कागद कसा बारकाईनं वाचतात, शब्द कसा राखतात. टाळ्या पडतात. स्वतः मी त्यातलं किती राखलं, असं आजवर कुणी विचारलं नाही, हे माझं नशीब.

दत्ताभाऊ माझे जुने अशील. चाकणजवळच्या गावातलं शेतकरी घर, रस्त्याकडेच्या जमिनीवर शेड टाकून प्रेसमध्ये पत्र्याचे भाग कापायचा धंदा. त्यांना जर्मनीचं गिऱ्हाईक मीच मिळवून दिलं. गिऱ्हाइकानं आधी पन्नास नग नमुन्याला मागितले. पत्रा कापला की कडेला धारदार खरखर राहते, आमच्याकडे तिला बर म्हणतात. प्रेसचा साचा झिजलेला होता, त्यामुळे बर फार यायची. तेव्हा दत्ताभाऊंचे जुने फिटर सोपानमामा यांनी ते पन्नास नग एकेक करून कानशीनं घासले. हातमोजा काढून उघड्या अंगठ्यानं कड चाचपायची, लागली की पुन्हा घासायची. नग असे झाले की मीच हातात घेऊन बघत राहिलो. मामांनी तेव्हाच बजावलं होतं की हे हातानं झालंय, हजारांनी असं निघायचं नाही, आधी साचा नीट करा. दत्ताभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, आधी ऑर्डर घेऊ, साच्याचं मागाहून बघू. आमच्या पट्ट्यात निम्मा धंदा असाच चालतो, आणि चालतो म्हणून कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

माल गेला आणि दोन महिन्यांत तक्रार आली. सगळ्या नगांना बर, माणसांचे हात कापताहेत, चूक कुठे झाली आणि काय उपाय केला ते लेखी द्या. आता अशा वेळी काय लिहायचं, हे इथल्या कुठल्याही कारखान्यात विचारा. कामगाराचा हलगर्जीपणा, कामगाराला कामावरून दूर केलं. मालक सुटतो, मशीन सुटतं, गिऱ्हाईकही फार खोदत नाही. नाव कुणाचं घालायचं, तर शेवटची तपासणी करणाऱ्याचं. ती सोपानमामा करायचे. कागद मी लिहिला, इंग्रजी चांगलं म्हणून. दत्ताभाऊंना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण कागदावर काढलं म्हणजे खरंच काढावं लागणार, तिकडचा माणूस बघायला येणार होता. मामांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी दत्ताभाऊंना म्हणालो, एक माणूस गेला तर तीस माणसं वाचतील. हे वाक्य मला फार शहाणपणाचं वाटलं होतं.

कागद समक्ष द्यायला मी एकटाच जर्मनीला निघालो. गिऱ्हाइकाचं गाव लहान, थंडी हाडात शिरणारी, आणि विमानातच अंगात ताप भरलेला. सकाळी स्टेशनाबाहेरच्या थांब्यावर बसची वाट बघत उभा राहिलो. बर्फमिश्रित पाऊस पडत होता. बस आलीच नाही. फोन थंडीनं बंद पडला. दहाची भेट, साडेनऊ वाजून गेलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही. माझे दात वाजत होते. आणि ज्याच्याशी बोलणं टाकलं होतं त्याला मी चक्क मराठीत मोठ्यानं म्हणालो, "आता मला काही सुचत नाही. तू बघ." भक्तीबिक्ती काही नव्हती त्यात. हात टेकलेला माणूस जसं बोलेल तसं ते होतं.

थोड्या वेळानं एक जुनाट गाडी पुढे गेली, थांबली, मागे आली. लोकरीची टोपी घातलेला साठीचा माणूस. त्यानं माझ्या हातातल्या फाइलवरचं गिऱ्हाइकाच्या कंपनीचं नाव वाचलं, त्यावर बोट ठेवलं, दार उघडलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला जर्मन. त्यानं थर्मासमधला गरम चहा ओतून दिला आणि हीटरचं तोंड माझ्याकडे वळवलं. त्याच्या उजव्या अंगठ्याला आणि दोन बोटांना पांढऱ्या पट्ट्या होत्या. मी विशेष लक्ष दिलं नाही. ताप होता, आणि कागदावरची वाक्यं मनात घोकत होतो. कारखान्याच्या फाटकाशी त्यानं मला उतरवलं आणि मी आभार मानेपर्यंत गाडी आत नेली.

तपासणी विभागाच्या बाई शांत होत्या. म्हणाल्या, आधी माल बघू. मोठ्या गोदामाच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर आमच्या चाकणच्या पेट्या, आणि पेट्यांपुढे तोच माणूस. टोपी काढलेली. एकेक नग उचलून उघड्या अंगठ्यानं, पट्टीच्या वरच्या मोकळ्या कातडीनं, कड चाचपत होता. बाई म्हणाल्या, हा खराब नग निवडून काढायला रोजावर ठेवलाय, हातमोजे घातले तर बर कळत नाही. त्यानं मान वर केली, मला ओळखलं, हसला. त्याला माहीत नव्हतं मी कोण ते. ज्या हातांनी मला चहा दिला ते आम्हीच कापले होते.

मला रडू आलं, ते मी तापाच्या नावावर खपवलं. बाईंनी कागदासाठी हात पुढे केला. फाइल माझ्या काखेत होती आणि मला ती काढता येईना. हात हलेचना म्हणा ना. मी म्हणालो, "हा कागद खोटा आहे. कामगाराची चूक नाही." मग सगळं सांगितलं. नमुने हातानं घासले होते, साचा झिजला होता, ज्यानं आधी सांगितलं त्याचंच नाव मी कागदात घातलं, आणि पाठवा म्हणणारा मी. त्या सगळं लिहून घेत होत्या. पुढचं काम आता देता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. खरं बोललात म्हणून एवढा माल आम्ही निवडून घेऊ, म्हणाल्या.

परत आलो तेव्हा दत्ताभाऊ मला शेडच्या दारातच म्हणाले, "सर, तुमाला बाजू मांडाया धाडलं व्हतं, का कबुली द्याया?" दुसरी शिफ्ट बंद झाली. सहा माणसं कामावरून गेली. त्यातला एक मला परवा वाकडला एका इमारतीच्या फाटकावर पहारा करताना दिसला आणि मीच मान वळवून पुढे गेलो. म्हणून या सगळ्याला चमत्कार म्हणायची माझी जीभ रेटत नाही. खोटं चाललं असतं तर कदाचित ती सहा माणसं आज कामावर असती. हे ओझं माझं आहे, ते देवाच्या खात्यावर ढकलायचं नाही.

सोपानमामा मात्र राहिले. साचा दुरुस्त करायला तेच लागले. दत्ताभाऊंनी रागाच्या भरात त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. महिन्याभरानं मामा माझ्या घरी आले, चहा घेतला, कप खाली ठेवला.

"साहेब, माझ्या नावाचा कागद तुमीच लिवला व्हता?"

"हो मामा. मीच."

"मंग दिला का न्हाई? तिथं कोन आडवं आलं तुमाला?"

मी त्या माणसाचं सांगितलं. थांबा, गाडी, चहा, बोटांच्या पट्ट्या. मामा ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारलं, त्याची बोटं बरी झाली का. मला माहीत नव्हतं. त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं मी.

मी आयुष्यभर लोकांना वाट दाखवून पोट भरलं, आणि देवानंही मला वाट दाखवावी एवढंच मागत आलो. त्या सकाळी त्यानं मला अडवलं. त्याचे उपकार मानतो, रोज मानतो, आणि मानताना ती सहा माणसंही आठवतात. मामा उठताना मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो, तर त्यांनी माझे दोन्ही हात वरच्यावर धरले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब. आता त्या सहा जनांसाटी कुटं तरी सबूद टाका."