गडवाभर पाणी

बी.ए.च्या वर्षी शिष्यवृत्तीच्या कामासाठी मी नागपूरच्या कचेरीत गेलो होतो. फाटकापाशी कळमेश्वरकडच्या एका गावची माणसं धरणं धरून बसली होती. त्यांच्या शेतांवर आणि विहिरीवर कारखाना येणार होता. त्यांतली एक म्हातारी कचेरीतल्या साहेबांसाठी आणलेला पाण्याचा पितळी गडवा पदराने झाकून बसली होती. ऊन सरकलं की तीही सावलीमागे सरकायची, पण गडवा हिंदकळू द्यायची नाही.

"बुढे, साहेबाच्या घरी नळ हाये वं!" एकाने चिडवलं.

"नळाले गाव असते का गा? आमच्या विहिरीचं पानी पेल्यावर तो तिले बुजवन कसा?"

संध्याकाळी कळलं, साहेब मागच्या दाराने निघून गेले. माणसं उठली. तिने गडवा माझ्यापुढे धरला.

"पाव्हन्यासाठी काढलेलं पानी माघारी नेत नाही. पे, बाबू."

पाणी कोमट झालं होतं, तरी गोड लागलं.

पुढे मी पदवीधर झालो, घरी नळ आला. विहीर बुजली, तिथे कारखाना उभा राहिला. उन्हाळ्यात पाणी पिताना अजून वाटतं, त्या संध्याकाळी तो गडवा मी नव्हे, साहेबांनी प्यायला हवा होता.