मेव्हिसबाईंचं मत

ब्रॅकलमथमध्ये नदी समुद्राला मिळते तिथे एक उघडा पोहण्याचा तलाव आहे. मेव्हिस प्रॉसर यांचं उभं आयुष्य त्याच्या काठावर गेलं. अर्ध्या गावाला त्यांनी पोहायला शिकवलं. निवृत्त झाल्यावरही सकाळच्या धुक्यात त्या पाण्यावर उताण्या पडून राहायच्या. कान पाण्याखाली गेले की सगळं जग लांब जायचं.

कौन्सिलने तलाव बुजवायचा घाट घातला, तेव्हा बाई निवडणुकीला उभ्या राहिल्या. समोर जुने नगरसेवक क्लाइव्ह हॅथरली.

प्रचार काही त्यांना जमेना. दार वाजवावं तर समोरचा टकलू गृहस्थ एकदम लहान होऊन जायचा.

"बाई, तुम्ही? पाय ताठ ठेव म्हणून किती ओरडायचात हो!"

"अजून वाकडेच मारत असशील."

मग चहा, बिस्किटं, कोण कुठे गेलं, कोण वारलं. फाटकाबाहेर आल्यावर बाईंना आठवायचं, मत मागायचं राहूनच गेलं. पुन्हा मागे फिरणं बरं दिसेना. सगळा एप्रिल असा तरंगतच गेला.

मतदानाच्या दिवशी चर्चच्या सभागृहात, आडोशामागे, दोरीला बांधलेली पेन्सिल घेऊन त्या उभ्या होत्या. मतपत्रिकेवरचं स्वतःचं नाव कुणा परक्या बाईचं वाटत होतं. आपल्याच नावापुढे फुली मारायची? पाहुण्यांआधी केकचा मोठा तुकडा उचलण्यासारखंच की ते! त्यांनी हॅथरलींच्या नावापुढे फुली मारली आणि हलक्या मनाने बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली, फेरमोजणी झाली. दोघांना मतं अगदी सारखी! निवडणूक अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे दोन चिठ्ठ्या डब्यात टाकल्या, हलवल्या आणि मान वळवून एक उचलली. हॅथरली!

टाळ्या वाजल्या, त्या बाईंना पाण्याखालून ऐकू आल्यासारख्या वाटल्या. माझी ती एक फुली, त्यांच्या मनात आलं. तलाव मीच बुडवला.

हॅथरली त्यांना हाताला धरून खिडकीपाशी घेऊन गेले. "बाई, रागावू नका, पण एक सांगतो. माझं मत मी तुम्हाला दिलं."

"काय सांगता!"

"बैठकीत पक्षासाठी तलावाविरुद्ध हात वर केला होता. पण माझी पोरगी पाण्याला किती घाबरायची, तिला तुम्ही पोहायला शिकवलंत. आडोशामागे एकटा उभा राहिलो आणि लाज वाटली हो."

"अहो, पण मी तुम्हाला दिलं!"

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. मग बाईंना हसू फुटलं आणि हॅथरलींना तर खुर्चीच धरावी लागली. जमलेली माणसं चकित होऊन बघत होती. जिंकलंय कोण आणि हरलंय कोण, काही कळेना.

पुढच्या सभेत हॅथरली पक्षाविरुद्ध बोलले. तलाव बुजवायचा ठराव थोडक्यात पडला. तलाव उन्हाळ्यापुरता राहिला, हिवाळ्यात मात्र कुलूप. पक्षाने हॅथरलींना पुढे कधी उमेदवारी दिली नाही.

जूनमध्ये तलाव उघडला. बाई मधोमध पडून ढग बघत होत्या. काठावर कोट घातलेले हॅथरली येऊन उभे राहिले.

"पाणी कसं आहे?"

"या की आत!"

"मला येतं कुठे पोहता, बाई?"

"मग मोजे काढा. पाय तरी सोडून बसा."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि बूट काढायला खाली वाकले.