बेला सिस्टरचं अमेरिकेतलं मत

माझं तोंड फाटकं आहे हे आमच्या अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. त्यामुळे बेला सिस्टरनी वरून हाक मारून सांगितलं, "माधुरी, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला मत द्यायचंय, जरा वर ये," तेव्हा मी जिन्यातूनच ओरडले, "अहो सिस्टर, इथं सोसायटीचा सेक्रेटरी निवडताना डोकी फुटायची वेळ येते, आणि तुम्ही डायरेक्ट राष्ट्राध्यक्ष?"

त्या हसल्या नाहीत. मी मुकाट्यानं वर गेले.

बेला वाक्रूळकर. वीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली नर्स होते, मुलांच्या वॉर्डात. डॉक्टर घाबरतील अशा वेळी बाई ढिम्म असायची. रिटायर झाल्यावर मुलानं, डॅनीनं, अमेरिकेला नेलं. त्याची मुलगी दाना तेव्हा रांगत होती, तिला वाढवायला. चौदा वर्षं वाढवलं. मधे डॅनीनं नागरिकत्वाचे कागदही करून टाकले. मग एक दिवस म्हणाल्या, "बास झालं, मला पनवेलला मरायचंय," आणि आल्या परत. इथं त्यांचं, ज्यू लोकांचं, सिनेगॉग आहे, नवऱ्याची कबर आहे, आणि खालच्या मजल्यावर मी आहे. अजून काय पाहिजे माणसाला?

नागरिकत्व मात्र राहिलं, आणि त्याबरोबर इथून कागदावर खूण करून पाठवायचं मत. इतकी वर्षं त्यांनी ते दिलंच नव्हतं. यंदा द्यायचं ठरलं आणि घरात आग लागली.

कारण मुलगी, केरेन, इस्रायलला. तिचा नोम एकवीस वर्षांचा, सैन्यात, सीमेवर. आणि नात दाना अमेरिकेत कॉलेजात, युद्धाविरुद्ध पोरं जमवून रस्त्यावर बसणारी. केरेन म्हणजे दानाची आत्या. कॉलेजातला दानाचा एक फोटो केरेननं पाहिला आणि फोनवर दोघींची अशी जुंपली, अशी जुंपली की काही विचारू नका. केरेन म्हणाली, "माझ्या पोराला मारणाऱ्यांच्या बाजूनं बसतेस." दाना म्हणाली, "तुझं पोर कोणाला मारतंय ते बघ आधी." बस. आत्या-भाची तेव्हापासून बोलत नाहीत. आणि हाच नोम, चार वर्षांपूर्वी दोघं सुट्टीला इथं आले होते, कर्नाळ्याच्या उतारावर दानाचा पाय मुरगळला तर तिला पाठुंगळी घेऊन खाली आला होता. मी स्वतः पाहिलंय. वर तिलाच ओरडत होता, किती जड आहेस म्हणून.

आता या दोघी सिस्टरना वेगवेगळा फोन करायच्या आणि एकच विचारायच्या. मत कोणाला?

उमेदवारांची नावं मी सांगणार नाही, सिस्टरनी शपथ घातलीय. एकजण म्हणायचा, मित्रदेशाला शस्त्रं कमी पडू देणार नाही, मागतील तितकी देऊ. दुसरा म्हणायचा, देऊ, पण लढाई थांबवायच्या अटीवर, नाहीतर हात आखडता घेऊ. केरेनला पहिला हवा होता. दानाला दुसरासुद्धा मिळमिळीत वाटायचा, पण पहिल्याला मत दिलंस तर आजी म्हणून हाक मारणार नाही, असं ती म्हणाली होती. एकोणीस वर्षांची कार्टी! मी असते तर दोन ठेवून दिल्या असत्या.

सिस्टरनी काय करावं? वही काढली. दोन्ही उमेदवारांचे केसपेपर केले हो! तक्रार काय, पूर्वेतिहास काय, आधी कोणतं औषध देऊन काय झालं, आता काय देणार म्हणतो. डोळ्यांना भिंग लावून इंटरनेटवरचं वाचायच्या आणि वॉर्डातल्या अक्षरात लिहून काढायच्या. सैन्यावर खर्च, शस्त्रं, कोण सैनिक परत बोलावणार, कोण पाठवणार. पंधरा दिवस हेच. जेवण अर्धं व्हायचं. बीपी वाढलं. मी म्हटलं, "सिस्टर, कोरा कागद पाठवा. ना सासूला राग, ना सुनेला."

"पेशंट समोर असताना नर्स म्हणते का, मी काहीच देत नाही म्हणून?"

"पेशंट कोण पण यात?"

"नोम," त्या म्हणाल्या. "मला दुसरं काही दिसतच नाही, माधुरी. पण वही वाचायला घेतली की दुसऱ्या बाजूची पोरं दिसतात. आपल्या वॉर्डातल्यासारखी. ड्रिप लावायला शीरसुद्धा सापडत नाही इतकी लहान." आणि रडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी बेला सिस्टरना रडताना पाहिलं, आणि त्यांची वही मिटून बाजूला ठेवली.

गुरुवारी कागद कुरिअरला जायलाच हवा होता. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा शब्बाथ लागतो, काम न करायचा पवित्र वार, मग शनिवारी दिवे लागेपर्यंत त्या पेन धरत नाहीत, आणि त्याच्या पुढे उशीर. मी दुपारी वर गेले तर टेबलावर कागद, पाकीट, चष्मा आणि पेन. बाईनं माझ्यासमोर खूण केली. दुसऱ्या उमेदवारापुढे. पेनाला टोपण लावलं.

"दाना जिंकली म्हणायची," मी म्हटलं.

"दानाचं नाव काढू नकोस. लढाई चालू राहिली तर नोमला कितीही शस्त्रं दिली तरी तो तिथंच राहणार. थांबली तरच घरी येईल. मला एवढंच कळलं, आणि ते चूकही असेल."

पाकीट चिकटवायला मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "थांब. आधी केरेनला सांगते."

"काय? अहो, कशाला? मत गुप्त असतं! तिला कोण सांगणार आहे? मी मेले तरी बोलणार नाही!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तेवीस वर्षांची झाले. मला आठवलं. वॉर्डात त्यांचा एक नियम होता. वाईट बातमी नातेवाइकांना सिस्टरनं स्वतः सांगायची, समोर उभं राहून. आयाकडून, कंपाउंडरकडून कळता कामा नये. आणि सांगायची ती काही करणं हातात असेपर्यंत, उरकल्यावर नाही. या नियमापायी त्यांनी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, एकदा थप्पडसुद्धा खाल्ली. नियम सोडला नाही.

फोन लावला. केरेन स्वयंपाकघरात होती, मागे काहीतरी तळत होतं. सिस्टरनी दोन वाक्यांत सांगितलं. तळण्याचा आवाज बंद झाला.

"आई," केरेन म्हणाली, "सायरन वाजला की तळघरात पोचायला मला मिनिटभरसुद्धा मिळत नाही. वरून येणारं रॉकेट आकाशातच पाडतात म्हणून मी जिवंत आहे. ते पाडायला लागतं ते कुठून येतं माहितीये ना तुला? आणि तू पनवेलला पंख्याखाली बसून त्याला अट घालणार? माझ्या नोमच्या डोक्यावर?"

"नोम घरी यावा म्हणून, बाळा."

"नोम घरी येईल तो जिवंत राहिला तर!"

आणि फोन बंद. परत लावला तर घेईना. मी पाकिटावर हात ठेवला. खोटं कशाला बोलू, मला केरेनचं पटलं होतं. तिच्या जागी मी असते तर हेच बोलले असते, जास्तच बोलले असते. "सिस्टर, अजून उघडं आहे पाकीट. नका पाठवू. लेक आहे ती तुमची. उद्या शुक्रवारच्या फोनवर ती आली नाही तर?"

शुक्रवारचं आधी सांगायला हवं होतं. शब्बाथचे दिवे लावायच्या आधी या सगळ्यांचा एकत्र व्हिडिओ फोन असायचा. यांच्यात हातबोशी म्हणून रीत आहे. सिनेगॉगमध्ये प्रार्थना संपली की मोठा माणूस हात पुढे करतो, दुसरा त्याचे हात आपल्या हातांत घेतो, आणि मग ज्यानं त्यानं आपल्याच बोटांचं चुंबन घ्यायचं. एकाकडून दुसऱ्याकडे, मोठ्याकडून धाकट्याकडे, असं जात राहतं. सिस्टर फोनच्या काचेवर तळवा टेकवायच्या. आधी केरेन, मग दाना. भांडणानंतर दोघी वेगवेगळ्या यायच्या, पण केरेन पहिली, दाना नंतर. एकही शुक्रवार चुकला नव्हता.

सिस्टरनी डिंक लावला. पाकीट दाबून बंद केलं आणि माझ्या हातात दिलं. "उरण नाक्यावर देऊन ये. पावती आण." मी शिव्या घालत गेले आणि पावती आणली.

शुक्रवारी मी पाच वाजल्यापासून वर जाऊन बसले. तेलाच्या वाती तयार, सरबतासाठी काळे मनुके भिजवलेले. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. केरेनचा पत्ता नाही. दिवे लावायला दहाएक मिनिटं उरली होती तेव्हा फोन वाजला, मी झडप घातली. दाना होती. तिकडे सकाळ, केस विस्कटलेले, तोंडभर हसू. "आजी! आत्यानं पपांना सांगितलं, पपांनी मला! आय लव्ह यू!" आणि तिनं तळवा काचेवर टेकवला.

सिस्टरनी हात उचलला नाही.

"आजी?"

"आधी आत्याचा. मग तुझा. हातबोशी मधलं माणूस गाळून पुढे जात नाही."

"पण ती येणारच नाही!"

"मग मी बसते. तूही बस. तुझ्या आत्यानं तिचं पोर पाठवलंय तिकडे, आणि ते कोणाला पाठुंगळी घेऊन डोंगर उतरलं होतं ते तुला माहितीये. मी तुझ्यासाठी मत नाही दिलं, दाना. जिंकल्यासारखं हसू नकोस."

पोरीचं हसू गेलं. तळवा तसाच काचेवर होता, बोटं पांढरी पडलेली. घड्याळाचा काटा पुढे जात होता आणि मी मनात यांच्या देवाला आणि आमच्या देवाला एकदमच साकडं घालत होते. मग दाना मान खाली घालून काहीतरी टाइप करायला लागली. पुसायची, परत लिहायची. काय लिहिलं ते मला आजतागायत माहीत नाही.

चार मिनिटं उरली असताना पडदा दोन भागांत फुटला. केरेनचा चेहरा दिसलाच नाही. डोळे सुजलेले दाखवायचे नव्हते की आईचं तोंड बघायचं नव्हतं, देव जाणे. पडद्यावर नुसता तिचा तळवा होता, कणकेचा हात, नीट धुतलासुद्धा नव्हता.

सिस्टरनी दोन्ही हात काचेवर ठेवले. फोन मी धरला होता.

"आई," तळव्यामागून केरेन म्हणाली, "नोमला काही झालं ना, तर मी तुला जन्मात माफ करणार नाही."

"नको करूस," सिस्टर म्हणाल्या.

केरेननं हात काढला नाही.