चौकोनांतले आबा

सुरतेच्या डिंडोलीत आमच्या पुढच्या खोलीत मी दर रविवारी चित्रकलेचा वर्ग घ्यायचे, त्याला आता तीसेक वर्षं झाली. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी यादी मिळायची: फूटपट्टी, टोकदार पेन्सिल, खोडरबर आणि साडीच्या पॅकिंगची पारदर्शक पिशवी. ही पिशवी सुरतेत कुणाच्याही घरी सापडते. तिच्यावर बॉलपेनने लहान चौकोन आखायचे आणि ती फोटोवर ठेवायची. कागदावर तितकेच, पण मोठे चौकोन आखायचे आणि एकेका चौकोनात दिसेल तेवढंच उतरवायचं. फोटो खराब होत नाही.

एकदा अकरा वर्षांची एक मुलगी आली. तिची आई घरी बसून साड्यांच्या नक्षीचे ग्राफ, म्हणजे मागाच्या मशीनवर कुठला धागा वर आणि कुठला खाली ते दाखवणारे चौकोन, रंगवायची आणि मुलगी तिच्या हाताखाली असायची. ती रविवारी वर्गात बसली तर घरचं काम मागे पडणार. म्हणून आईने अट घातली होती: माझ्या वडिलांचा हा फोटो तीन रविवारांत मोठा काढून दाखव. ओळखू आले तर वर्ग, नाहीतर ग्राफ.

पहिला रविवार आखण्यात गेला. दुसऱ्या रविवारी पाहते तर आजोबांचा गाल जिन्यासारखा झालेला. प्रत्येक चौकोन एक तर पूर्ण काळा, नाहीतर कोरा.

"अगं, रेघ चौकोनात कुठून शिरते, कुठून बाहेर पडते ते बघ. हा अर्धाच भर."

"अर्धा भरत नाहीत, बेन." मराठी मुलंही मला बेनच म्हणत. "धागा वर तरी असतो नाहीतर खाली. अर्धा कुठे जाईल?"

"आता आजोबांना मशीनवर चढव!" शेजारची मैत्रीण म्हणाली. सगळे हसले. तीही हसली, पण खोडरबर हातात घेऊन बसली.

सगळं पुसून पुन्हा काढायला वेळ पुरणार नव्हता. मी सांगितलं, गाल राहू दे. डोळे, नाक आणि मिशी इथल्या प्रत्येक चौकोनाचे चार कर.

"मग चारातले दोन भरले की अर्धा झाला!" तिने फूटपट्टी ओढली.

तिसऱ्या रविवारी आई आली आणि दारातच थबकली.

"हाऊ ते मना आबा शे!" तिच्या तोंडून थेट अहिराणीच निघाली. मग तिने जवळ येऊन बोटाने चौकोन मोजले आणि माझ्याकडे वळली. "मिशी डावीकडे दोन चौकोन कमी आहे, बेन. आबांनी पाहिलं तर आमचं काही खरं नाही."

मुलीने लगेच दोन चौकोन भरले.

"येऊ दे तिला," आई म्हणाली. "पण ग्राफ न्यायला दुपारी माणूस येतो. बाराच्या आत घरी पाहिजे."

माझा वर्ग दहा ते एक होता. मी फळ्यावरची वेळ पुसून आठ ते अकरा लिहिली. बाकीची मुलं दोन रविवार जांभया देत कुरकुरली. ही मात्र पावणेआठलाच पायरीवर बसलेली असायची.