बर्फातून आलेली हाक

मंडळी, आज दुपारी नातीचा स्वित्झर्लंडहून फोन आला. स्कीइंगचा पहिला दिवस नीट पार पडला म्हणाली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पन्नासेक वर्षांपूर्वी लग्न होऊन मी धुळ्याहून थेट जर्मनीला गेले. ह्यांची नोकरी तिथे. पहिल्याच रविवारी आम्ही बर्फावर गेलो. हे पायाला स्की बांधून निघाले आणि दाट धुक्यात दिसेनासे झाले. अर्धा तास मी हाका मारत रडत होते.

शेवटी खालून आवाज आला, “रडू नको वं, मी आठेच शे!”

चारचौघांत कायम शुद्ध मराठी बोलणारा माणूस, बर्फात आपटल्यावर ‘मी इथेच आहे’ हे आमच्या धुळ्याकडच्या अहिराणीत बोलला! मी रडता रडता हसत सुटले.

घाबरल्यावर तुमच्या तोंडून कुठली भाषा येते हो?