आईचा आवाज शेजारच्या टीव्हीत

काल मोर्चाचा भोंगा दुरुस्त करताना सोल्डरच्या राळेचा वास आला आणि पाम गावातलं आमचं घर आठवलं. आई घरच्या वायरलेसवरून बोटीतल्या बाबांना विचारायची, "जेवलाव काय?" ते शेजारच्या टीव्हीतून ऐकू यायचं. शेजारची काकू ओरडायची, "सेट बंद करा!" मी संतापायचे. समुद्रावरच्या माणसापेक्षा मालिका मोठी?

शेवटी ताईनं सेटसाठी काडेपेटीएवढा फिल्टर बनवला. तांब्याची तार जाळ्याच्या गाठीसारखी घट्ट आवळली, जमेना. मग नखानं वेढे सैल केले. सेटची मूळ लहर पुढे जाते, टीव्हीत घुसणारी तिप्पट कंपनांची अडते, म्हणाली. तार ओळखते कशी? मला अजून नवल वाटतं.

आई बोलली. टीव्हीत फक्त मालिका. काकू दारात आली.

"तुजा घरवाला जेवला का नाय, आता आमाला कसं कळायचं गो?"